आईचा हिशोब, मुलीचा बॉयफ्रेंड

बॉयफ्रेंडला पहिल्यांदा घरी जेवायला नेणं म्हणजे जॉब इंटरव्ह्यूपेक्षा वाईट प्रकार! त्यात मुलगी सॅन फ्रान्सिस्कोतली, आई-वडील चीनमधून आलेले आणि बॉयफ्रेंड गोरा अमेरिकन असेल, तर बघायलाच नको. एमी टॅनच्या ‘द जॉय लक क्लब’ या १९८९ च्या कादंबरीत (१९९३ मध्ये वेन वांगने तिच्यावर सिनेमाही केला) वेव्हर्ली जाँग ही टॅक्स ॲटर्नी आपल्या रिचला अशीच घेऊन जाते. आई स्वतःच्या सगळ्यात नावाजलेल्या पदार्थाला नावं ठेवते, आज काही चव आली नाही म्हणते. रिच बिचारा ते खरंच मानतो आणि त्यावर सोया सॉस ओततो. खल्लास! ‘आज भाजी जरा बिघडलीच’ म्हणणाऱ्या आपल्या काकूंना ‘हो ना, मीठ द्या जरा’ असं सांगून बघा, म्हणजे कळेल.

‘कल्चरल डिफरन्स’ म्हणून आपण हसतो आणि पुढे जातो. पण वेव्हर्लीचा पहिला नवरा चिनीच होता, आणि आईच्या नजरेतून तोही सुटला नव्हता. म्हणजे भानगड सोया सॉसची नाहीच. वेव्हर्ली लहानपणी बुद्धिबळातली चॅम्पियन, आणि आई भर बाजारात तिला मिरवणारी. मुलीचं जिंकणं हे दोघींचं जॉइंट अकाउंट. मग नवरा निवडण्याची सही एकटीची कशी चालेल?

हे अकाउंट उघडतं कुठे? अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९४३ मध्ये ते किलकिलं झालं, तेही वर्षाला १०५ माणसांपुरतं. खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. एवढ्या फटीतून आत शिरलेल्या आईने काय काय मागे सोडलं, हे पोरीला न सांगता पाठ असतं. तिची ॲम्बिशन म्हणजे अर्धी हौस, अर्धा हप्ता. गोऱ्या बॉयफ्रेंडला हा हप्ताच दिसत नाही. त्याला वाटतं, ही फारच स्ट्रेस घेते बुवा!

त्याच कादंबरीतली लीना तर मला जास्तच ओळखीची वाटते. आई चिनी, वडील आयरिश वंशाचे. नवरा हॅरल्ड आर्किटेक्ट. स्वतःची फर्म काढ, असा आग्रह तिनेच धरला, कल्पनाही तिच्याच. आता तो बॉस आणि त्याची कमाई तिच्या सातपट. पण घरखर्च मात्र फिफ्टी-फिफ्टी, कारण दोघं मॉडर्न! फ्रिजवर खर्चाची यादी लावलेली. पाहुणी आलेली आई ती वाचते आणि आईस्क्रीमपाशी अडकते. आपली पोर आईस्क्रीम खातच नाही, मग अर्धे पैसे कसले भरतेय? इतकी वर्षं शिकलेल्या नवऱ्याला जे दिसलं नाही, ते मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या बाईला एका मिनिटात दिसतं.

बरं, चिनीच मुलगा गाठला तर सुटका? ‘क्रेझी रिच एशियन्स’ (२०१८) बघा. रेचल चू न्यूयॉर्कमध्ये इकॉनॉमिक्सची प्राध्यापक. तिची सिंगल मदर हॉटेलात टेबलं सांभाळत शिकली आणि रिअल इस्टेटमध्ये शिरली. अमेरिकन ड्रीमचं पोस्टरच म्हणा ना! पण निकच्या सिंगापूरच्या गडगंज घरात हे पोस्टर कुणी भिंतीला लावत नाही. चेहरा चिनी, भाषा येते, तरी सासू एलेनॉरच्या लेखी ही परकीच. स्वतःच्या सुखामागे धावणारी अमेरिकन! खरं तर निकसाठी रेचल गरीब आहे, हे सरळ म्हणायला ओशाळं वाटतं, म्हणून ‘संस्कार’ पुढे केले जातात. रंगापेक्षा क्लासची भिंत जाड असते, हे मला या झगमगाटी सिनेमाने जास्त पटवलं.

शेवटी रेचल जिंकायचा डाव महजाँगच्या टेबलावर मुद्दाम सोडते, आणि एलेनॉर आपली पाचूची अंगठी लेकाच्या हाती देते. ती अंगठी घडवावी लागली होती, कारण एलेनॉरलाही तिच्या सासूने खानदानी अंगठी दिली नव्हती. रेचल ती घालते, पार्टी होते, फटाके उडतात. न्यूयॉर्कमधल्या तिच्या नोकरीचं पुढे काय झालं, यावर सिनेमा गप्प. मला तर तोच पार्ट बघायचा होता.