घर झाडूला बांधलेले का?

सफाई कामगारांच्या वसाहतींचा पुनर्विकास निघाला की रहिवाशांचे मत विचारतात ते संक्रमण शिबिराचे आणि भाड्याचे. घर कोणाच्या नावावर, हा विषय बैठकीत येतच नाही.

मुंबई महापालिकेची आश्रय योजना पाहा. 39 वसाहती, दीडशेच्या जागी तीनशे चौरस फूट, वर लिफ्ट. पण घर सेवानिवासस्थानच! निवृत्त झालात की खोली रिकामी करा, नाहीतर पोराच्या हाती झाडू द्या. लाड-पागे समितीच्या शिफारशींचा वारसा हक्क आपल्या माणसांनी लढून टिकवला, तो आम्ही सोडणार नाही. पण छप्पर वाचवायला पदवीधर पोरीने गटारीच्या कामावर रुजू व्हायचे, हा हक्क की सापळा? जात माणसाला बापाचाच धंदा करायला लावते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले. तेच काम आता खोलीच्या चावीकडे सोपवले आहे.

राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना मालकीचे घर देऊ करते. ती एकट्या मुंबईची नाही, सोलापूरचीही आहे. म्हणून सोलापुरात उद्या कामगारांच्या चाळींचा आराखडा आला, तर आम्ही आधी मालकीचा लेखी ठराव मागू, मग नकाशा बघू. नकाशा मराठीत, घरटी एक प्रत. आणि बैठक सकाळी नको. त्या वेळी अर्धी वस्ती तुमचेच रस्ते झाडत असते. कामगाराच्या विधवेची सही वेगळी घ्या, तिच्या दिराची चालणार नाही.