खलिफाची लेक आणि आपलं वऱ्हाड

जगात कुठं युद्ध पेटलं, की अकोल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. कुणी गाझावर स्टेटस ठेवलं, की लगेच प्रश्न येतो, 'तू इथला की तिथला?' मित्रांनो, हा प्रश्न जुनाच आहे.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलं. खलिफाचं पद टिकावं म्हणून भारतात खिलाफत चळवळ उभी राहिली. गांधीजींनी तिला असहकाराची जोड दिली. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरात काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. पण ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली कुणी? इंग्रजांनी नव्हे, खुद्द तुर्कांच्या संसदेनं! ज्यासाठी इथली माणसं तुरुंगात गेली, ते तिथल्या राज्यकर्त्यांनाच नको होतं.

पुढची गंमत पाहा. परागंदा खलिफाची लेक दुर्रुशेहवार हिचं लग्न १९३१ मध्ये फ्रान्सात निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. १९३६ च्या करारानं त्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे खलिफाची लेक वऱ्हाडची युवराज्ञी झाली, पण नावापुरतीच. कारभार इंग्रजांच्याच हाती राहिला.

मग दूरच्यांसाठी बोलूच नये का? अवश्य बोलावं. भारत सरकारनंच १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावं, असं राज्यघटनेचं कलम ५१ सांगतं. त्यामुळे गाझावर बोलणाऱ्याच्या देशप्रेमावर शंका घेणं चूकच. दुसरीकडे, देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्येच मदिनेच्या कराराचा दाखला देऊन मांडलं होतं, की वेगवेगळ्या धर्मांचे लोक मिळून एक राष्ट्र होऊ शकतं. 'इथला की तिथला' याचं उत्तर इस्लामी परंपरेतूनच त्यांनी दिलं होतं.

फक्त रागाची किंमत कोण मोजतो, तेवढं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत आधी मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला. दुकानं फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. त्यानं त्रिपुरात काय बदललं?

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं. तिथं आपला खासदार बसतो. त्याला पत्र लिहा, सभेत प्रश्न विचारा, कॉलेजात वादसभा भरवा. आणि फॉरवर्ड करण्याआधी तो व्हिडिओ कुठला अन् कधीचा, हे एकदा तपासून घ्या.