पाळक वर्गात घडतो की गावात?

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. कपाशीचा भाव, पीक विमा, रस्त्याचे खड्डे यावर आपण रोजच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतो: धर्माचं काम करायला निघालेल्या पोरांचं शिक्षण.

आपल्या मोताळा तालुक्यात ख्रिस्ती घरं मोजकी. पण मलकापूर, बुलढाणा, खामगाव, अकोला या पट्ट्यात अलायन्स मिशनच्या काळापासून त्यांच्या मंडळ्या आहेत. (ते चर्चच्या समुदायाला 'मंडळी'च म्हणतात, त्यामुळे वरचा नमस्कार दोन्ही अर्थांनी घ्या.) माझ्या ओळखीच्या अशाच एका घरातला पदवीधर मुलगा सेमिनरीत जाऊन पाळक व्हायचं म्हणतोय. मी वारकरी घरातला माणूस, पण मास्तरकी केलेली, म्हणून सल्ला विचारायला घरचे सगळे आले. वडिलांनी विचारलं, "सर, डिग्रीला मान्यता आहे का?" आईनं विचारलं, पगार किती पडेल. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तिथं त्याले मयतीच्या घरी कसं बसावं ते शिकवतात का?"

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. बंगालमधल्या श्रीरामपूरचं कॉलेज १८१८ सालचं, आणि त्याच्या सिनेटशी जोडलेल्या सेमिनऱ्या देशभर आहेत, पुण्यातही आहे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

आपल्याकडची पोरं कीर्तनकार व्हायला आळंदीला जातात, ते आपण पाहतो. जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, गायन हे तर आहेच, पण माझ्या मते खरी शिकवण मधुकरीत होती. दारोदार उभं राहून भाकरी मागायची. ज्याच्या पायरीवर झोळी घेऊन उभं राहिलो, त्याच्यापुढे उद्या कीर्तनाला उभं राहताना अंगात मस्ती येत नाही. आता आळंदीतही गल्लोगल्ली खासगी संस्था झाल्यात, आणि सगळ्यांचंच काही चांगलं चाललंय असं नाही. तो विषय पुन्हा कधी.

ख्रिस्ती सेमिनरीतलं शिक्षण अभ्यासाच्या बाजूनं कच्चं नाही, उलट भक्कम आहे. हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, प्रवचनशास्त्र. पोरगं तीन-चार वर्षं घासून निघतं. प्रश्न आहे तो भाषेचा आणि जागेचा. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे नाव त्या समाजात सगळ्यांना माहीत आहे. ती १९५३ साली सुरू झाली ती आपल्या विदर्भात, यवतमाळला. १९८३ साली ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. देशभरातून विद्यार्थी येतात, शिक्षण इंग्रजीतून. मोठ्या संस्थेला मोठं शहर लागतं, हे मान्य. पण यवतमाळचं पुढं काय झालं, तेही आपण पाहिलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत त्या जिल्ह्याचं नाव किती वेळा आलं, मोजायची गरज नाही, आणि आपला बुलढाणाही त्या यादीतून सुटलेला नाही. कर्ता माणूस गेलेल्या घरात जाऊन बसायचं, सावकार दारात असताना त्या बाईशी काय बोलायचं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे पुण्याच्या वाचनालयात बसून कसं कळणार? इंग्रजीत शिकलेलं सांत्वन वऱ्हाडीत उतरवताना निम्मं सांडतं.

कॅथलिक लोकांनी या गोष्टीचा जास्त विचार केलेला दिसतो. नागपूरचं सेमिनरी हिल्स आपल्याला फिरायला जायचं ठिकाण म्हणून ठाऊक आहे, पण ते नाव पडलं तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. त्यांच्याकडे फादर व्हायला तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षं लागतात. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी या शिक्षणाच्या चार बाजू सांगितल्या: माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, बौद्धिक घडण आणि सेवेची घडण. पहिला नंबर माणूसपणाला दिलाय, हे बघा.

त्यांच्या नियमातली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. विद्यार्थ्याला आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा असतो, आणि त्याला दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचं मत विचारायलाच बंदी आहे. कारण उघड आहे. जो मार्क देतो त्याच्यापुढे कोण मन मोकळं करेल? पोराचा विश्वास डळमळलाय, घरची आठवण येतेय, नको त्या गोष्टीची सवय लागलीय, हे तो प्राचार्यांना सांगणार नाही. सांगितलं तर डाग लागेल, ही भीती. मग तो गुणी विद्यार्थ्याचा मुखवटा घालून तीन वर्षं काढतो आणि तोच मुखवटा घेऊन गावात येतो. पुढं कधीतरी तो गळून पडतो आणि त्याची झळ अख्ख्या मंडळीला लागते. माझ्या मते ही वेगळ्या मार्गदर्शकाची सोय प्रत्येक सेमिनरीत हवी, पंथ कोणताही असो. आळंदीतही हवी, खरं तर.

ख्रिस्ती वाचक म्हणतील, आमच्या घरातलं उदाहरण द्या. तर ते रेव्हरंड टिळकांचं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. मलकापूरवरून जी हावड्याची गाडी जाते, त्याच मार्गावर. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवलं, १९०४ साली दीक्षा घेतली, भजनं लिहिली, कीर्तनाची वाट ख्रिस्ती उपासनेत आणली. आणि १९१७ साली, म्हणजे आळंदीची संस्था निघाली त्याच वर्षी, मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. सेमिनरीत शिकवलेला माणूस शेवटी लोकांमध्ये जाऊन बसला. घरच्यांचे त्यापायी काय हाल झाले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा. त्यागाचा खर्च बहुतेक वेळा बायकोच भरते, हेही पाळक होणाऱ्या पोरांना शिकवायला हवं.

सेमिनऱ्यांमध्ये सुट्टीत आणि रविवारी मंडळीत काम करायला पाठवतात, हे मला माहीत आहे. पण रविवारी पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि सोमवारी तिथंच उठणं वेगळं. पाहुण्याला गाव चहा पाजतं, भांडण दाखवत नाही. म्हणून म्हणतो, अभ्यासाच्या मध्येच एक अख्खं वर्ष गावात काढावं. पेरणी ते पेरणी. एखाद्या जुन्या, केस पिकलेल्या पाळकासोबत राहावं, मग तो स्वतः कमी शिकलेला असला तरी चालेल. त्याच्याबरोबर दवाखान्यात, तहसीलीत, मयतीला, लग्नाला जावं. येशूनं बारा जण निवडले तेही आधी आपल्या सोबत राहायला आणि मग पाठवायला, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

पैसा कुठून आणायचा, असं कोणीतरी विचारणारच. मलकापूर, खामगाव, बुलढाण्याच्या मंडळ्यांनी मिळून एका विद्यार्थ्याचा एका वर्षाचा भार उचलला, तरी सुरुवात होईल. एक खोली, आठवड्यातून एकेका घरी जेवण आणि फिरायला कुणाची तरी जुनी मोटारसायकल. पेट्रोलचं मात्र आधी ठरवून घ्या, नाहीतर ते बिचाऱ्या जुन्या पाळकाच्याच खिशातून जाईल.