आरसा धरून बघितलात का?

‘पेशंटला काही कळत नाहीये.’

हे वाक्य माझ्या मामाबद्दल पहिल्यांदा अकराव्या दिवशी ऐकलं. त्याच्याच कॉटशेजारी, तो ऐकत असेल-नसेल याचा विचार न करता बोललेलं. त्याआधी काय तपासलं? डोळ्यांत टॉर्च मारली, छातीच्या हाडावर मूठ घासली आणि ‘हाथ उठाओ, हाथ उठाओ’ असं दोनदा मोठ्यानं सांगितलं. तीन मिनिटं लागली असतील. मामाची उजवी बाजू लुळी पडली होती आणि डॉक्टर उभे होते उजव्या बाजूला. झोपेचं इंजेक्शन आदल्या रात्रीच दिलेलं. शिवाय आमच्या आजोळी घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलतात. मामाला हिंदी यायचं ते टीव्हीपुरतं.

जयसिंगपूरला सातव्या गल्लीत मामाचं किराणा दुकान. नोव्हेंबरात, उसाच्या हंगामात, रात्री सांगलीहून मोटरसायकलवर परत येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर तो धडकला. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता. (दर हंगामात आमच्याकडे यावर बोललं जातं आणि दर हंगामात ट्रॉल्या तशाच उभ्या असतात. तो वेगळा लेख होईल.) डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. आठवड्याभरानं डोळे उघडले, पण ते कुठंच ठरत नव्हते.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. रात्री आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून मोबाइलवर जे सापडेल ते वाचायचे. तिथंच कळलं की ‘पेशंटला कळतं का’ हे ठरवायची एक रीत आहे, ती लिहून ठेवलेली आहे आणि आमच्या डॉक्टरांनी त्यातलं जवळपास काहीच केलं नव्हतं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं इतर दोन संस्थांबरोबर २०१८ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपियन अकॅडमीच्या २०२० मध्ये आल्या. दोन्हींचं म्हणणं साधारण एकच: एका तपासणीवर विसंबू नका. जाणीव दिवसात कमी-जास्त होते. सकाळी निपचित पडलेला माणूस दुपारी बोट हलवतो. म्हणून प्रमाणित चाचणी वापरा आणि ती पुन्हा पुन्हा करा. आधी गुंगीची औषधं, इन्फेक्शन, फिट्स यांपैकी काही आड येतंय का ते बघा. पेशंटला आधी नीट जागं करा. हात लुळा असेल तर त्या हाताला आज्ञा देऊन काय उपयोग, हे तर कुठलीही सूचना न वाचताही कळायला हवं.

त्या चाचणीचं नाव कोमा रिकव्हरी स्केल, सुधारित आवृत्ती २००४ ची. सहा भाग, जास्तीत जास्त २३ गुण. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद, जागेपण. मशीन लागत नाही. अर्धा तास लागतो आणि शिकलेला माणूस लागतो. त्यात एक आरसाही असतो. टॉर्चमागं किंवा बोटामागं ज्याची नजर फिरत नाही असा पेशंट कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागं नजर फिरवतो. नजर अशी एखाद्या गोष्टीचा पाठलाग करू लागली तर निदानच बदलतं. २००२ पासून त्या अवस्थेला ‘किमान जाणीव’ असं वेगळं नाव आहे.

हे कशाला करायचं? बेल्जियममधला २००९ चा एक अभ्यास आहे. ज्या ४४ पेशंटना डॉक्टरांच्या टीमनं एकमतानं ‘काही कळत नाही’ म्हटलं होतं, त्यांना या चाचणीनं तपासलं. १८ जणांमध्ये जाणिवेच्या खुणा सापडल्या. आणि तिथल्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत निकाल दिलेला नव्हता.

आता आपल्याकडे या विषयावर बोलायचं म्हटलं की अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये या परिचारिकेवर हल्ला झाला, त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती तिथंच अंथरुणावर होती. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं तीन डॉक्टर नेमले. त्यांनी २०११ च्या जानेवारीत तिला तपासलं. अहवाल सांगतो की ती कोमात नव्हती, मेंदू मृत नव्हता, कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या बहुतेक निकषांत ती बसत होती. खोलीत माणसं वाढली की ती जास्त आवाज करायची हेही त्यात आहे. तिला मासे आवडतात, असं तिला वर्षानुवर्षं भरवणाऱ्या सिस्टर सांगत होत्या. ७ मार्च २०११ ला निकाल आला, याचिका फेटाळली गेली आणि निष्क्रिय इच्छामरणाला देशात वाट मिळाली.

त्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असं मला म्हणायचं नाही. माझं भांडण नंतरच्या चर्चेशी आहे. वादविवाद स्पर्धांत, अग्रलेखांत, दिवाळी अंकांत आपण एकच प्रश्न घोळवला: अशा माणसाला मरू द्यावं का? ‘बहुतेक निकष’ म्हणजे कुठले, उरलेले कुठले, सिस्टरना दिसतं ते तपासणीत का उतरत नाही, हे कुणी विचारलं नाही. पुढं ९ मार्च २०१८ ला कोर्टानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली. मंडळावर कोण डॉक्टर असावेत, त्यांना किती वर्षांचा अनुभव हवा, हे सगळं ठरलं. जाणीव किती वेळा आणि कशानं तपासायची, ते ठरलं नाही. मी त्या हक्काच्या बाजूनंच आहे. पण मंडळापुढं जाणारी फाइलच तीन मिनिटांच्या तपासणीवर उभी असेल तर मंडळ करणार काय?

डॉक्टर म्हणतील, इथं बेड पुरत नाहीत, सिस्टर पुरत नाहीत, तू परदेशातल्या गोष्टी सांगतेस. मान्य आहे, एफएमआरआय मागत नाही मी. आरसा मागतेय. पाच वेगवेगळ्या दिवशी अर्धा अर्धा तास आणि पेशंटच्या भाषेत बोलणारा एक माणूस, तो आम्ही देतो.

दुसरा आक्षेप खोट्या आशेचा. तोही खरा आहे. ‘बारा वर्षांनी कोमातून उठला’ छापाचे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड मामीला रोज यायचे आणि त्यांनी तिचं भलं केलं नाही. पण तपासणी आणि आशा एक नव्हे. पाचही वेळा काही सापडलं नाही तर तेही घरच्यांना कळू दे, पुढचं ठरवायला त्यांना ते लागतं. उलट पहिल्या २८ दिवसांत सरसकट ‘आता काही होणार नाही’ असं बोलू नका, हे २०१८ च्या सूचनांत स्पष्ट आहे. आमच्याशी ते अकराव्या दिवशी बोलले.

आणि आम्ही घरचे? त्या वाक्यानंतर चारच दिवसांत मामाच्या कॉटपाशी उभं राहून दुकान विकायचं की भाड्यानं द्यायचं यावर भावकीत वाद झाला. आकड्यांसह. मीही तिथं होते, गप्प.

चाळिसाव्या दिवशी मामीनं पर्समधला छोटा आरसा काढला. मी मोबाइलवर शूटिंग केलं. आजी कानडीत ‘नोडू, नोडू’ म्हणत होती, म्हणजे बघ, बघ. पाच वेळा आरसा डावीकडून उजवीकडं नेला, दोन वेळा नजर मागं गेली. दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी तीन वेळा. राउंडला आलेल्या एका शिकाऊ डॉक्टरनं व्हिडिओ शांतपणे दोनदा बघितला, आरसा मागून घेतला आणि स्वतः करून बघितलं.

यानं मामा बरा झाला नाही. तो पुन्हा गल्ल्यावर बसला नाही, बोलला नाही, पुढच्या आषाढात न्यूमोनियानं गेला. बदललं ते एवढंच: पाठीची जखम धुताना आधी वेदनाशामक द्यायला लागले. तोपर्यंत एक महिना ती तशीच धुतली जायची, कारण पेशंटला काही कळत नव्हतं.

त्याची फाइल माझ्याकडे आहे. बीपी, ताप, लघवी, सगळं तासातासाला लिहिलंय. जाणिवेबद्दल रोज एकच ओळ, आदल्या दिवसाची बघून उतरवलेली. आरशाची नोंद नाही. ती मी घरी आणल्यावर पेननं समासात लिहिली, तारखेसकट.