स्क्रिप्ट यशस्वी, नोंद बेपत्ता

विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शेंद्रा पंचतारांकित वसाहतीत काय किंवा वाळूज-चिकलठाण्यात काय, लाइनवरचे जुने पीसी बदलण्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर आले आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. जुने ३२-बिट प्रोग्रॅम त्यावर चालतात, जुन्या स्क्रिप्टही चालतात, आणि घोळ होतो तो त्या चालतात म्हणूनच.

३२-बिट स्क्रिप्टने रजिस्ट्रीत एचकेएलएमखालच्या ‘सॉफ्टवेअर’ शाखेत काही लिहिले, की विंडोज ते गुपचूप ‘वाऊ६४३२नोड’कडे वळवते. एरर येत नाही. लॉगमध्ये ‘यशस्वी’ उमटते. ६४-बिट प्रोग्रॅम मात्र आपल्या शाखेत बघतो आणि तिथे काहीच नसते. फाइलींचेही तेच: ‘सिस्टम३२’ मागितले की हाती ‘सिसवाऊ६४’ येते. नावे तर उलटीच आहेत, कारण ६४-बिट फाइली ‘सिस्टम३२’मध्ये असतात.

कारखान्यात याचा फटका सर्वाधिक बसतो ओडीबीसीत. तिथे दोन खिडक्या असतात आणि दोन्हींच्या एक्झी फाइलचे नाव एकच: ओडीबीसीएडी३२. लेबल छापणारा प्रोग्रॅम ३२-बिट असेल आणि सिस्टम डीएसएन ६४-बिट खिडकीतून बनवला असेल, तर जोडणी होत नाही. मग लोक नेटवर्क तपासतात, पासवर्ड बदलतात, शिफ्ट वाया जाते.

सगळेच वळवले जात नाही, हे जास्त फसवे. एचकेएलएममधली ‘सिस्टम’ शाखा दोघांना सामाईक आहे, होस्ट्स फाइलही. चाचणीत नेमके तेच वाचले तर स्क्रिप्ट निर्दोष वाटते.

उपाय अवघड नाही. स्क्रिप्टने आधी दोन वेगळे प्रश्न विचारावेत: मी किती बिटची, आणि विंडोज किती बिटची? केवळ ‘प्रोसेसर_आर्किटेक्चर’ व्हेरिएबलवर विसंबू नये. ३२-बिट प्रोसेसला ते ‘एक्स८६’च सांगते. मग हवी ती शाखा नाव घेऊन मागावी. ऑटोइटमध्ये ‘एचकेएलएम६४’ आहे, रेग कमांडला ‘रेग:६४’ हा स्विच आहे, डॉटनेटमध्ये ‘रजिस्ट्रीव्ह्यू’ आहे. फाइलींसाठी ‘सिसनेटिव्ह’ आहे, पण ते फक्त ३२-बिट प्रोसेसलाच दिसते. ६४-बिट स्क्रिप्टमध्ये तो पाथ लिहिला तर सापडणार नाही. फाइलींचे वळवणे एपीआयने बंद करता येते, पण त्या थ्रेडमधले डीएलएल लोड होणेही त्यात अडकते. काम होताच ते पूर्ववत करावे लागते. ‘वाऊ६४३२नोड’ हे नाव पाथमध्ये हाताने लिहिणे तर आमच्या मते सरळ चूकच आहे.

दूरस्थ व्यवस्थापनाचा एजंट ३२-बिट असेल तर त्याने ‘सिस्टम३२’मधून सुरू केलेली पॉवरशेलही ३२-बिटच निघते. हाताने चालवल्यावर बरोबर, एजंटकडून चुकीचे, असे दिसले तर पहिला संशय इथेच घ्यावा. आर्म प्रोसेसरवरच्या विंडोजमध्ये ६४-बिट इंटेल प्रोग्रॅमही एम्युलेशनने चालतात. तिथे ‘६४-बिट’ एवढ्या उत्तराने भागत नाही. मूळ प्रोसेसर कोणता, हेही विचारावे लागते.

आमची विनंती एवढीच: प्रत्येक स्क्रिप्टने लॉगच्या पहिल्या ओळीत स्वतःचे बिट आणि विंडोजचे बिट छापावेत, आणि लिहिलेली नोंद ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाजूने परत वाचून मगच ‘यशस्वी’ म्हणावे. पुढच्या शटडाऊनआधी एवढा बदल करून घ्या.