बालपण सुधारले, पण कोणाचे?

आधुनिक समाजात बालपण सुधारले की बिघडले, हा वाद विद्वानांत साठाहून अधिक वर्षे चालू आहे. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी 1960 साली मांडले की, ‘बालपण’ ही कल्पनाच अर्वाचीन असून शाळेने व कुटुंबाने मुलाला मोठ्यांच्या मोकळ्या जगातून वेगळे कोंडले. उलट, इतिहासात जितके मागे जावे तितके मुलांचे हाल अधिक, असे अमेरिकेच्या लॉइड डीमॉस यांनी 1974 साली प्रतिपादिले. आपल्याकडील सुशिक्षित वर्ग यातील सोयीचा पक्ष उचलतो, आणि आपल्या घरातील मुलाकडे पाहून साऱ्या समाजाचा निकाल देतो!

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील ऊसतोड मजुराला विचारावा. निजामी अमलात, 1948 पर्यंत, येथे मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण दुर्लभ होते. आज गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहे. देवीचा रोग 1977 साली देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. ही प्रगती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूमच्या माळरानावरून टोळ्या निघतात, तेव्हा त्या शाळेतील मूल बिऱ्हाडाबरोबर फडात जाते.

तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही, मजुरी टनावर. वाढे गोळा करणारे, कोपीवर धाकटे भावंड सांभाळणारे मूल कोणत्याही हजेरीपटावर नसते; त्याचे श्रम आईबापाच्या टनात मुकाट मिसळून जातात. बालमजुरीच्या 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्यास मुभा राहिली. ऊसतोड हा कुटुंबाचा व्यवसाय नव्हे, धनी कारखाना आहे. तरीही ‘घरच्यांना हातभार’ या गोंडस शब्दांचे पांघरूण येथेही घातले जाते. आणि मुलीचे काय? तिला गावी एकटी ठेवण्याची भीती, शिवाय लग्न होताच नवा कोयता तयार! मग 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कागदावर राहिला, तर नवल कसले?

‘आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी एक सांगावे : सहा महिने मूल ठेवायचे कोणापाशी? ज्याच्या डोक्यावर उचलीचे ओझे आहे, त्याला महत्त्व पटवून काय उपयोग?

शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. तेव्हा हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडली पाहिजेत. टोळी गेल्यावर उघडलेले वसतिगृह कोणाच्या कामाचे? टोळीबरोबर आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर हवी. आणि तोडणीचा दर असा हवा की उचल घेण्याची पाळीच येऊ नये.

कार्यकर्त्यांनी या हंगामात वेशीवर उभे राहून गाडीत बसणारी मुले मोजावीत. बालपण सुधारले की नाही, याचे उत्तर त्या यादीत मिळेल.