रक्त कमी झाले म्हणजे कर्करोगच नव्हे

घरातल्या माणसाला महिनाभर ताप येतो. अंग झडते, जिना चढताना धाप लागते. रक्त तपासले तर तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेटही कमी! कोणी ‘ब्लड कॅन्सर’ म्हणतो आणि घराचा धीर सुटतो. दागिने मोडायची बोलणी सुरू होतात. वाचकहो, तपासणी पुरी होईपर्यंत धीर सोडू नका.

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. या तिन्ही पेशी तिथेच तयार होतात. क्षयाचे जंतू बहुधा फुफ्फुसात घर करतात. पण कधी कधी रक्तावाटे पसरून ते मज्जेतही शिरतात. मग तिथे नव्या पेशी तयार होण्याचे काम मंदावते. काही रोग्यांत तर शरीराच्या भक्षक पेशी बिथरून आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. टायफॉईडमध्येही क्वचित असे घडते. दुखणे मज्जेचे दिसते, पण मूळ असते जंतूंत. योग्य औषधाने जंतू मेले की मज्जा बहुधा पुन्हा कामाला लागते.

हे ओळखायचे कसे? कंबरेच्या मागच्या हाडाची जागा बधिर करून मज्जेचा नमुना काढतात. तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, “याच नमुन्यातून क्षयाचीही तपासणी होईल ना?” खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे समजू नका. निदानाआधी कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉईड घेऊ नका. त्याने ताप दबतो, पण क्षय बळावतो.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपयांची मदतही आहे. उपचार साधारण ६ महिने, कधी अधिक चालतात. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते; घाबरू नका. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका.

मात्र रक्त कमी होण्याचे कारण दरवेळी जंतूच असते असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, खरोखरचा कर्करोगही असू शकतो. म्हणून अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. हिरड्यांतून रक्त आले, अंगावर लाल-काळे ठिपके उठले, तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा. वेळेवर झालेली तपासणी माणूसही वाचवते आणि घरही.